आकडा येईपर्यंत पाणी कोणते प्यायचे?

२०२५ सालच्या पहिल्याच रात्री भोपाळमधल्या युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यातून १२ कंटेनर पोलीस बंदोबस्तात बाहेर पडले. त्यांत ३३७ टन विषारी कचरा होता आणि सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या पीथमपूरच्या भट्टीत तो जाळायचा होता. पीथमपूरकर रस्त्यावर उतरले, दोघांनी पेटवून घेण्याचा प्रयत्न केला, काम थांबले. मग उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली चाचण्या झाल्या आणि जूनअखेर सारा कचरा जळून गेला. चाळीस वर्षांचे ओझे उतरले, असे अनेकांना वाटले. पण याच जागेविषयी नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनी २०१० मध्ये दिलेल्या अहवालात दूषित मातीचा अंदाज सुमारे ११ लाख टन होता. पोत्यांत भरून ठेवलेला कचरा गेला. ती माती आणि तिच्या खालचे पाणी अजून भोपाळमध्येच आहे.

२०२५ च्याच जुलैत केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. देशात अशी १०३ स्थळे तोवर निश्चित झाली होती आणि सफाईचे काम जेमतेम सात ठिकाणी सुरू झाले होते. नव्या नियमांनुसार संशयित जागांचा अहवाल जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायचा आहे. त्यानंतर ९० दिवसांत प्राथमिक तपासणी आणि पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपासणी व्हायची आहे. नियमांत नोंदलेल्या १८९ घातक रसायनांपैकी काही ठरलेल्या पातळीपेक्षा जास्त आढळले, की जागा दूषित म्हणून जाहीर करायची, तिथला वावर रोखायचा आणि सफाईचा खर्च दूषित करणाऱ्याकडून घ्यायचा. इतकी वर्षे या विषयाला स्वतःचा कायदेशीर आधारच नव्हता, म्हणून या नियमांचे स्वागत केले पाहिजे.

या साऱ्या यंत्रणेच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : या मातीने, या पाण्याने माणसाच्या आरोग्याला नेमका किती धोका आहे? त्याचे उत्तर काढण्याचे एक शास्त्र आहे, त्याला आरोग्य जोखीम मूल्यमापन म्हणतात. हे शास्त्र आपल्याला हवेच आहे. ते नसेल तर निर्णय भीतीच्या किंवा सोयीच्या हाती जातात. मात्र कोणते निर्णय त्याच्या उत्तरासाठी थांबवायचे आणि कोणते थांबवायचे नाहीत, हे आधी ठरले पाहिजे. ते न ठरवल्यामुळे काय होते, हे भोपाळने दाखवले आहे.

आधी या शास्त्राची बाजू. अमेरिकेतील राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९८३ मध्ये त्याची चार पायऱ्यांची मांडणी केली आणि जगभर आजही तीच वापरतात. जागेवर कोणते रसायन आहे आणि ते शरीराला काय करते, हे पहिले पाहायचे. किती मात्रेला किती परिणाम होतो, हे दुसरे. ते रसायन माणसापर्यंत कोणत्या वाटेने आणि किती पोहोचते, हे तिसरे. आणि या तिन्हींवरून जोखमीचा आकडा काढायचा, हे चौथे. यातली तिसरी पायरी सर्वांत मोलाची. नुसते विष असून भागत नाही, ते माणसापर्यंत पोहोचावे लागते. काँक्रीटखाली बंद असलेले शिसे आणि अंगणातल्या धुळीतले शिसे यांचा धोका सारखा नाही. पैसा आणि माणसे मर्यादित असताना १०३ जागांपैकी आधी कुठे हात घालायचा, हे या पायरीशिवाय कळणार नाही.

सरसकट सगळे खणून काढा, ही मागणी ऐकायला स्वच्छ वाटते, पण खणण्यातही धोका असतो. माती उपसताना धूळ उडते, अस्थिर द्रव्ये हवेत जातात, ट्रक वस्त्यांमधून धावतात आणि शेवटी ती माती दुसऱ्या कुणाच्या तरी गावाजवळ पुरली जाते. पीथमपूरच्या लोकांची हरकत नेमकी हीच होती. त्याआधी हाच कचरा नागपूरजवळच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीत किंवा तळोज्यात जाळण्याचा विचार झाला, तेव्हा महाराष्ट्रातूनही विरोध झाला होता. भोपाळबद्दल कळकळ असलेल्या माणसांनाही तो धूर आपल्या गावात नको होता. यात ढोंग काही नाही. ज्याला धोका किती हे कुणी विश्वासाने सांगितलेले नाही, तो माणूस दुसरे काय करणार? पीथमपूरमध्ये चाचण्यांच्या वेळी धुराची मोजमापे ठरलेल्या मर्यादेत असल्याचे सांगितले गेले. पण चुना वगैरे मिसळल्यामुळे ३३७ टनांची राख आणि अवशेष आठशे टनांहून जास्त झाले आणि ते कुठे पुरायचे, हा नवा वाद उभा राहिला. अशा वेळी मोजमाप नाकारून चालत नाही. ते अधिक चांगले आणि अधिक उघड असावे लागते.

आता दुसरी बाजू. जोखमीचा आकडा प्रयोगशाळेतून बाहेर येतो म्हणून तो पूर्णपणे वस्तुनिष्ठ असतो, असा समज आहे. त्याच्या आत माणसांनी घेतलेले बरेच निर्णय दडलेले असतात. तमिळनाडूतील कोडाईकनालचे उदाहरण पाहा. तिथल्या थर्मामीटर कारखान्यातला पारायुक्त काचेचे भंगार एका भंगारवाल्याकडे सापडले आणि २००१ मध्ये हिंदुस्थान लिव्हरला कारखाना बंद करावा लागला. पुढे वर्षानुवर्षे वाद चालला तो एका आकड्यावर : माती किती साफ केली म्हणजे पुरे? शेवटी मान्य झालेली पातळी किलोमागे २० मिलिग्रॅम पारा ही होती. स्थानिक कार्यकर्त्यांना ती फार सैल वाटत होती. कंपनीचे म्हणणे असे, की याहून कडक पातळी धरली तर उतारावरची झाडे काढावी लागतील आणि माती वाहून जाईल. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

हा २० चा आकडा कसा वागतो, ते एका साध्या हिशेबाने पाहता येते. हा हिशेब त्या प्रकरणाच्या अहवालातला नाही, पद्धत समजावी म्हणून मांडतो आहोत. अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्था असे धरते, की १५ किलो वजनाचे मूल खेळताना, बोटे चोखताना दिवसाला २०० मिलिग्रॅम माती गिळते. किलोमागे २० मिलिग्रॅम पारा असलेल्या मातीतून मग त्याच्या पोटात रोज ४ मायक्रोग्रॅम पारा जाईल. वजनाने भागले तर किलोमागे साधारण ०.२७ मायक्रोग्रॅम. पाऱ्याच्या क्षारांसाठी त्याच संस्थेची रोजची सुरक्षित मात्रा ०.३ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे मूल सुरक्षित ठरले, पण अगदी काठावर. आता गृहीतके जरा हलवून पाहा. मूल शेणामातीने सारवलेल्या जमिनीवर रांगत असेल, दिवसाचा बराच वेळ अनवाणी बाहेर असेल आणि माती दुप्पट गिळत असेल, तर मात्रा सुरक्षित पातळीच्या वर गेली. त्याच्या पोटात मासळीतूनही पारा जात असेल तर आणखी वर. पावसाबरोबर वाहून गेलेला पारा तळ्याच्या गाळात जिवाणूंमुळे मेथिल पारा होतो. तो माशांत साठतो आणि त्याची सुरक्षित मात्रा ०.१ मायक्रोग्रॅम, म्हणजे तीनपट कडक आहे. विज्ञान तेच, गणित तेच. मूल कोणते धरले एवढ्यावर उत्तर फिरले.

आपल्याकडच्या मूल्यमापनांची मोठी उणीव इथेच आहे. पाश्चात्त्य देशांतली गृहीतके तिथल्या राहणीसाठी बसवलेली आहेत. प्रौढ माणूस दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी पितो, असे त्यांत धरतात. वैशाखात बांधकामावर राबणारा मजूर याच्या दुप्पट सहज पितो. तिथे पाणी मुख्यतः नळाचे. इथे त्याच बोअरचे पाणी पिण्याला, भात शिजवायला, भांडी धुवायला, जनावराला आणि परसातल्या भाजीला. गरोदरपणी भाजकी माती खाणाऱ्या बायका आपल्याकडे आहेत. कुपोषित शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असले की शिसे जास्त शोषले जाते. हे सगळे एखाद्या अहवालाच्या तक्त्यात आलेच नाही, तर तक्ता बिनचूक असूनही उत्तर चुकते.

मिश्रणाचाही प्रश्न आहे. सुरक्षित मात्रा एकेका रसायनाची ठरते. प्राण्यांवरच्या प्रयोगातून माणसाकडे येताना दहापट आणि माणसामाणसांतल्या फरकासाठी आणखी दहापट सावधगिरी धरण्याची रीत आहे आणि ती चांगली आहे. पण दूषित जागेवर रसायन एकटे कधीच नसते. भोपाळच्या माती-पाण्यात वेगवेगळ्या अभ्यासांना पारा, क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरोबेंझीन, कीटकनाशके असे बरेच काही आढळले. एकाच अवयवावर परिणाम करणाऱ्या रसायनांच्या जोखमींची बेरीज करतात. ती एकमेकांचा परिणाम वाढवत असतील तर बेरीजही अपुरी पडते.

सर्वांत घातक गोंधळ मात्र तीव्र आणि दीर्घकालीन विषबाधेचा. २००९ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण राज्यमंत्री जयराम रमेश यांनी भोपाळच्या कारखान्याला भेट दिली, तिथला कचरा हातात घेतला आणि आपल्याला काही झाले नाही, असे सांगितले. भोपाळमध्ये त्यावर संताप उसळला आणि तो योग्यच होता. मूठभर माती हातात घेऊन माणूस कोसळत नाही, हे कुणीच नाकारत नव्हते. मोजायचे असते ते वीस वर्षे रोज थोडे थोडे पोटात जाणाऱ्या द्रव्याचे मोल. यकृत, मूत्रपिंड, पोटातले बाळ, कर्करोग यांचा हिशेब तेवढ्याच लांबीने होतो. कर्करोगासाठी अमेरिकेत लाखो माणसांमागे आयुष्यभरात किती जादा रुग्ण, असे मोजतात; १० लाखांमागे एक ते १० हजारांमागे एक या पट्ट्यात निर्णय घेतात. एवढी बारीक जोखीम हातात माती धरून कळत नाही. ती आसपासच्या काही हजार लोकांच्या दवाखान्याच्या नोंदींतही सहज दिसत नाही. भोपाळमध्ये तर हीच माणसे किंवा त्यांचे आईबाप १९८४ च्या वायुगळतीनेही पोळलेले. आजार पाण्याचा की वायूचा, हे वेगळे काढणे जवळपास अशक्य. त्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने वायुपीडितांचे अभ्यास १९९४ मध्येच थांबवले होते. अशा ठिकाणी 'संबंध सिद्ध झाला नाही' या वाक्याचा अर्थ 'धोका नाही' असा लावणे ही शास्त्राची पायमल्ली आहे.

आता भोपाळच्या पाण्याकडे. कारखान्याच्या उत्तरेला सांडपाण्याचे बाष्पीभवन तलाव १९७७ पासून होते आणि ते पाझरतात, हे कंपनीला दुर्घटनेच्या आधीच माहीत होते. कारखान्याला लागून अटल अयुब नगर, अन्नू नगर, ब्लू मून कॉलनी अशा वस्त्या वाढल्या, त्या हातपंपांवर जगत होत्या. १९९९ मध्ये ग्रीनपीसच्या तपासणीत पाण्यात क्लोरिनयुक्त द्रावके आढळली. २००९ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटला कारखान्यापासून तीन किलोमीटरवरच्या पाण्यातही कीटकनाशके सापडली. २०१० च्या सरकारी अहवालाचा सूर वेगळा होता. भूजलाचे दूषण मर्यादित असल्याचे त्यात म्हटले होते. पुढे लखनऊच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेच्या तपासण्यांत दूषित वस्त्यांची संख्या आधी २२ आणि नंतर ४२ वर गेली.

या अहवालांत इतका फरक का पडावा? कुणी खोटे बोलले असे मानण्याची गरज नाही. नमुना कोणत्या विहिरीतून, किती खोलीवरून, पावसाळ्याआधी की नंतर घेतला, याने उत्तर बदलते. क्लोरिनयुक्त द्रावके पाण्यापेक्षा जड असतात, ती खाली बसतात आणि खडकांच्या भेगांतून वाट मिळेल तिकडे सरकतात. आज स्वच्छ असलेला पंप पाच वर्षांनी तसाच राहील याची हमी नसते. अशा जागेवर एकदाच केलेले मूल्यमापन म्हणजे त्या दिवसाचे उत्तर.

हे सारे चालू असताना लोक काय पीत होते? काही हातपंपांवर 'पाणी पिण्यास अयोग्य' असा इशारा रंगवला होता. पण दुसरी सोय नसलेल्या बाईने तो वाचून काय करायचे? उकळून प्यायचा सल्लाही इथे कामाचा नाही. उकळल्याने जंतू मरतात, पारा आणि कीटकनाशके पाण्यातच राहतात आणि क्लोरोफॉर्मसारखी द्रावके वाफेबरोबर त्याच खोलीच्या हवेत जातात. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वस्त्यांना शुद्ध पाणी देण्याचा आदेश दिला. नळ घरोघर पोहोचायला त्यानंतरही कित्येक वर्षे गेली. नळाच्या खर्चासाठी जोखमीचा शेवटचा आकडा लागत नव्हता. पाण्यात द्रावके आहेत, लोक ते पाणी पितात, एवढेच पुरे होते.

सावधगिरीचीही किंमत असते, हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. संशय आला की पाणी बदला, कुंपण घाला, फलक लावा, असे म्हटले तर उद्या प्रत्येक औद्योगिक वसाहतीभोवती फलक लागतील. जमिनीच्या किमती पडतील, भाजी विकली जाणार नाही, त्या गावात मुलगी द्यायला लोक कचरतील. खोट्या संशयाने एखाद्या शेतकऱ्याचा हंगाम बुडाला तर त्याची भरपाई कोण करणार? शिवाय जिल्ह्याकडे पैसा मोजकाच असतो. संशयित गावाच्या टँकरला दिला तो गॅस्ट्रोने आजारी पडणाऱ्या गावाला मिळत नाही. अतिसाराने मूल आठवड्यात दगावते, द्रावकाचा परिणाम वीस वर्षांनी होतो. हे प्राधान्य तोलावेच लागते आणि ते तोलण्याचे सर्वांत चांगले साधन पुन्हा जोखीम मूल्यमापन हेच आहे.

तरीही आमचा कौल सावधगिरीकडे झुकतो, कारण दोन्ही बाजूंच्या चुका सारख्या नाहीत. पर्यायी पाणी दिले आणि नंतर बोअर स्वच्छ निघाला, तर काही लाख रुपये आणि थोडी नाराजी एवढेच नुकसान. गावाला चांगले पाणी मिळाले ते वेगळेच. पाणी दिले नाही आणि बोअर दूषित निघाला, तर गेलेली वर्षे कुणाच्या शरीरातून परत काढता येत नाहीत. जी चूक सुधारता येते ती पत्करावी आणि जी सुधारता येत नाही ती टाळावी, एवढा साधा हा न्याय आहे. आणखी एक फरक आहे. कारखान्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्यांनी ही जोखीम स्वतःहून घेतलेली नसते. नफा एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची असेल, तर शंकेचा फायदा जोखीम सोसणाऱ्याला मिळायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच राजस्थानातल्या बिछडीच्या आणि तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या प्रकरणांत दूषित करणाऱ्याने भरावे आणि सावधगिरी बाळगावी, ही दोन तत्त्वे देशाच्या कायद्यात आणली. नव्या नियमांचा अर्थ याच प्रकाशात लावला पाहिजे.

म्हणून निर्णयांचे दोन ढीग करावेत. पहिल्या ढिगात पर्यायी पाणी, दूषित पंप बंद करणे, मुलांना जागेपासून दूर ठेवणारे कुंपण, लोकांना त्यांच्या भाषेत माहिती आणि आरोग्य नोंदींची सुरुवात. प्राथमिक तपासणीत रसायन सापडले आणि ते माणसापर्यंत जाण्याची वाट दिसली, की हे लगेच करावे. नियमांतल्या पुढच्या मुदतींची वाट पाहू नये. दुसऱ्या ढिगात माती किती खणायची, जाळायची की जागेवरच बंदिस्त करायची, कोणत्या पातळीपर्यंत साफ करायची, हे महागडे आणि मागे न फिरवता येणारे निर्णय. यांच्यासाठी पूर्ण, सावकाश, खुले मूल्यमापन व्हायलाच हवे. जिथे माती जाणार तिथल्या लोकांच्या जोखमीचाही हिशेब त्यात असला पाहिजे, नाहीतर भोपाळची काळजी पीथमपूरच्या माथ्यावर टाकल्यासारखे होते.

या मूल्यमापनाबद्दल तीन अपेक्षा. एक, प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानांवर गृहीतकांचा तक्ता मराठीत, हिंदीत, जी तिथली भाषा असेल तीत असावा : मूल किती माती गिळते असे धरले, मजूर किती पाणी पितो असे धरले, मासळी धरली की नाही. गावातली आशा सेविका आणि ग्रामसभा तो तक्ता वाचून 'आमच्याकडे असे नाही' म्हणू शकली पाहिजे. दोन, नमुने घेण्याच्या जागा ठरवताना स्थानिकांना सोबत घ्यावे. कोणत्या ओढ्यात रात्री रंगीत पाणी सोडले जायचे, कोणत्या शेतात पिंपे पुरली, हे गावाला ठाऊक असते आणि यंत्राला नसते. तीन, अभ्यासाचा खर्च दूषित करणाऱ्याने द्यावा, पण अभ्यास करणारी संस्था त्याने निवडू नये.

हा विषय भोपाळपुरता नाही. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी केली, तीत चंद्रपूर, डोंबिवली, तारापूर, नवी मुंबई आणि औरंगाबाद ही नावे होती. नव्या नियमांनुसार संशयित जागांची पहिली यादी आता इथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी द्यायची आहे. ती कोरी गेली, तर पुढच्या साऱ्या मुदती कागदावरच राहतील. त्या यादीत काय आहे, हे विचारण्याचा हक्क नागरिकांना आहे आणि लोकप्रतिनिधींनी तो जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत बजावायला हवा. आकडे काढणाऱ्या शास्त्रज्ञांना हवा तेवढा वेळ द्यावा. तो वेळ दूषित पाणी पिऊन कुणाला भरून द्यावा लागू नये, ही जबाबदारी शासनाची आहे आणि तिला कोणत्याही अहवालाची वाट पाहण्याचे कारण नाही.